त्या वादकाला सात हात का?

प्रश्न: ताई, पणजीतल्या एका प्रदर्शनात गणपतीच्या घुमट-आरतीचं चित्र पाहिलं. वादकांचे चेहरे पुसून टाकल्यासारखे, एकाला तर सहा-सात हात! माझे बाबा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घुमट (कातडं ताणलेलं मातीचं मडकं) वाजवतात, ते काही असे दिसत नाहीत. चित्रकाराला काय म्हणायचं असेल?
– एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर: बाबांच्या चेहऱ्याकडे नको, हातांकडे बघा. उजव्या हाताची बोटं कातड्यावर पडतात आणि डावा तळवा मडक्याचं मागचं अरुंद तोंड झाकतो, उघडतो. त्या उघडझापीनंच आवाज घुमतो, खालीवर होतो. आरती द्रुत लयीत गेली की एकेक बोट वेगळं दिसतच नाही, नुसती थरथर दिसते. ती थरथर स्थिर कॅनव्हासवर आणायची कशी? इटलीच्या जाकोमो बाल्लानं 1912 साली साखळीला बांधलेलं, तुरुतुरु चालणारं कुत्रं रंगवलं, तेव्हा त्याला असेच पुष्कळ पाय काढले होते. तुमच्या चित्रातले सात हात म्हणजे एकाच हाताचे सात क्षण, असं मी वाचते.

चेहऱ्यांचं मला वेगळं वाटतं. आरतीत घुमट, शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळं म्हणजे झांजा एकमेकांत इतकी मिसळतात की कोण काय वाजवतोय हे ऐकणाऱ्याला वेगळं काढता येत नाही. म्हणून चेहरे पुसले असावेत. चित्रकाराच्या मनात दुसरंही काही असेल, पण चित्रात दिसतं त्यावरूनच बोलावं, असं मी मानते.

येत्या चवथीला बाबांच्या डाव्या बाजूला बसा आणि तो तळवा तेवढा बघा. मग प्रदर्शन चालू असेल तर चित्रापाशी पुन्हा जा.