शेततळ्यात शिंपले सोडण्याआधी

भावा, मोत्यांसाठी गोदावरीतून पोतंभर शिंपले आणून एकदम तळ्यात ओतू नकोस. मी पहिल्या वर्षी तेच केलं अन् आठवड्यात अर्धे गेले. आधी दोन-तीन दिवस टाकीत त्यांना दाटीनं ठेव, म्हणजे त्यांचा स्नायू सैल पडतो अन् मोत्याचं बीज, म्हणजे ज्याभोवती मोती बनतो तो छोटा मणी, घालायला कवच सहज उघडतं. तेही सेंटीमीटरभरच उघडायचं. जोर लावलास तर स्नायू फाटून शिंपला मरतो.

बीज घालायच्या या शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस रोज बघ. बोट लावल्यावर कवच मिटलं तर जिवंत. उघडंच राहिलं तर लगेच काढ, कुजला की पाणी नासतं.

खरी गोम पाण्यात आहे. शिंपला कल्ल्यांनी पाणी गाळून त्यातलं शेवाळ खातो. आपल्या तळ्यात प्लॅस्टिक अंथरलेलं, तिथं शेवाळ येणार कुठून? शेण अन् थोडा चुना टाकून पाणी हिरवट होऊ दे. नायलॉनच्या जाळीत दोन-दोन शिंपले घालून दोरीनं मीटरभर खोल टांग. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की दोऱ्या खाली सोड. मोत्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, म्हणून दोन्ही उन्हाळ्यांच्या पाण्याचा हिशेब आजच मांड.