पालक विचारतात : त्याचं त्याला करू द्यायचं, पण कसं?

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. लालबागला चाळीत एकच खोली. बालवाडीतल्या बाई म्हणतात, 'त्याच्या कलाने घ्या, त्याचं त्याला करू द्या.' सकाळी पाणी भरायचं, डबे करायचे, ७.४० ची गाडी पकडायची. त्यात सासूबाई त्याला अजून भरवतात. सुरुवात कुठून करू?

सकाळी तर मुळीच नको. नवं काम शिकवायचं ते रविवारी दुपारी. शाळेच्या दिवशी त्याला आधीच जमतंय तेवढंच त्याच्यावर सोपवा. घाईत त्याच्या हातातून शर्ट ओढून घेतला, की 'आपण रेंगाळलो की आई करते' हे तो पक्कं शिकतो.

कपडे घालायला शिकवताना शेवटची पायरी आधी त्याला द्या. चड्डी गुडघ्यापर्यंत तुम्ही चढवा, वर तो ओढेल. ते जमलं की घोट्यापर्यंतच चढवा आणि मग नुसती पुढ्यात ठेवा. दर वेळी शेवट त्याच्या हातून होतो, म्हणून तो कंटाळत नाही. बटणं खालून वर लावायची. गळ्याजवळचं बटण त्याला दिसत नाही आणि वरून सुरू केलं की हमखास एक काज चुकतं. नव्या गणवेशाची काजं घट्ट असतात, तेव्हा सराव जुन्या शर्टावर.

जागेची काळजी नको. मूल स्वतः करून शिकतं, असं मांडणाऱ्या इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी. त्यांचं पहिलं बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीतल्या भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीतच सुरू झालं. आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी गावातल्या बालवाड्यांत भर दिला तो आसपास मिळणाऱ्या स्वस्त साधनांवर. मॉन्टेसरींच्या नावाने महागडे लाकडी संच विकणारे हे सांगत नाहीत. तुम्हाला दारामागे जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटरवर दोन हुक हवेत, एक दप्तराला, एक कपड्यांना. मांडणीचा सर्वांत खालचा कप्पा त्याचा : ताटली, वाटी, पेला. काचेचं काही नको.

पाणी ओतायला शिकवण्याआधी एका वाटीतून दुसरीत राजमा ओतू द्या. मग हलकं, चोच असलेलं छोटं भांडं घ्या, त्यात १०० मिली पाणी, खाली परात, शेजारी फडकं. भांडं काठोकाठ भरलं तर मनगटाला वजन पेलत नाही आणि सगळं एकदम सांडतं. सांडल्यावर काही बोलू नका, फडकं पुढे करा. पुसणं हा त्याच कामाचा भाग आहे.

सासूबाईंना 'भरवू नका' म्हणालात तर वाद होणार. त्यांना दुसरं काम द्या. वरणभात कालवून त्यांनी छोटे घास ताटात मांडायचे, उचलायचे त्याने. गोष्ट सांगायची, मोबाइल मात्र लांब. पंचवीसेक मिनिटांनी ताट उचलायचं, उरलं तरी. मग तासाभरात बिस्किटं दिली तर सगळं मुसळ केरात.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाला लोकल गाड्यांशिवाय काही सुचत नाही. त्याच्या कलाने घेतलं तर अभ्यासाचं काय? (डोंबिवली)

गाड्यांमध्येच अभ्यास भरलेला आहे. स्टेशनांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून क्रमाने लावायला सांगा, हे वाचन. इंडिकेटरवर 'ठाणे, १२ डबे, ४ मिनिटं' दिसलं की 'आत्ता ९.१७, मग गाडी कधी?' ही बेरीज. १५ डब्यांच्या गाडीला किती डबे जास्त, ही वजाबाकी. १८५३ मध्ये पहिली गाडी बोरीबंदरहून (आजच्या सीएसएमटीच्या परिसरातून) ठाण्याला गेली, तर तिचा मार्ग नकाशावर शोधू द्या.

पण गाड्या बघायला फलाटाच्या कडेला उभं राहायचं नाही, झोपायची वेळ बदलणार नाही. हे तुम्ही ठरवायचं, त्याला विचारायचं नाही. आणि त्याच्या प्रत्येक खेळाला धडा चिकटवू नका. दिवसातून एखादा प्रश्न पुरे, नाहीतर तो गाड्यांचं नावही काढणार नाही.

प्रश्न : नऊ वर्षांची मुलगी दोन गल्ल्या पलीकडच्या क्लासला एकटी जाते म्हणते. पाठवू का? (मुलुंड)

वाटेत मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर अजून नको. या वयात येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज अनेकदा चुकतो. नसेल तर टप्प्याटप्प्याने पाठवा. आधी ती पुढे, तुम्ही पाच पावलं मागे, आणि सूचना बंद. वळण चुकली तरी क्षणभर थांबा, तिचं तिला कळू द्या. मग तुम्ही कोपऱ्यावर उभ्या. मग दारातून निरोप, पोचल्यावर क्लासच्या बाईंनी फोन करायचा, हे त्यांच्याशी आधी ठरवून.

तुमचा नंबर आणि १०९८ ही चाइल्डलाइन, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीची मदतवाहिनी, तोंडपाठ हवी. 'आईने पाठवलंय' म्हणणाऱ्याला विचारायचा एक परवलीचा शब्द ठरवा. क्लास बंद निघाला तर कुठे जायचं, तेही : ओळखीचा वाणी किंवा सोसायटीचा वॉचमन. पावसाळ्यात नियम वेगळा. रस्ता पाण्याखाली दिसला की क्लासमध्येच थांबायचं, कारण उघडं गटार पाण्याखाली दिसत नाही. तिथे तुम्ही न्यायला जा, कितीही उशीर झाला तरी.