"आधी काहीच त्रास नव्हता हो!" – वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न वाचताना एक गोष्ट लक्षात आली, बहुतेक सगळ्यांनी कुठे ना कुठे हे एक वाक्य लिहिलंच आहे की आधी काहीच त्रास नव्हता. त्यामुळे आजार वेगवेगळे असले तरी मी फिरून फिरून तिथेच येणारे, आधीच सांगून ठेवते. प्रश्न जरा छोटे केलेत, नावं काढलीयेत.

प्रश्न: बाबा ५८ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली होती, रोज चालायला जातात, आणि मागच्या महिन्यात एकदम हार्ट अटॅक. टेस्ट चुकली की डॉक्टर?

बहुतेक कोणीच चुकलं नाही, आणि हे ऐकून तुमचं समाधान होणार नाही हेही मला कळतंय. आपल्या डोक्यात अटॅकचं चित्र असतं तुंबलेल्या नळाचं, गाळ साचत साचत गेला आणि एक दिवस पाइप बंद. तसंच होत असतं तर टेस्टमध्ये दिसलं असतं. स्ट्रेस टेस्ट बघते ती इतकंच की पळताना हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय का, आणि ते कमी पडायला रक्तवाहिनी साधारण ७० टक्के तरी अरुंद झालेली लागते. त्याच्या आतलं काही असेल तर ते तिच्या नजरेतून बऱ्याचदा सुटतं.

आता प्रत्यक्षात काय चालू असतं बघा. ही वाहिनी जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, आतून गुळगुळीत अस्तर. बीपी, सिगरेट, शुगर यातल्या कशाने तरी ते अस्तर बिघडलं की रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल त्याच्या खाली शिरून बसतं. ते साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, गिळतात, गिळत राहतात, इतकं गिळतात की फुगून तिथल्या तिथे मरतात, म्हणजे झाडायला गेलेलेच कचऱ्यात जमा. मग शरीर त्या सगळ्यावर एक तंतूंची टोपी चढवतं, जखमेवर खपली धरते तशी. आणि खरी गंमत इथून पुढे आहे, वाहिनी बाहेरच्या बाजूला फुगते, आतला रस्ता मोकळा राहावा म्हणून. हा थर आतली साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत रस्ता जवळजवळ आहे तेवढाच राहतो, हे १९८७ साली दाखवलं गेलं. शरीराने केलेली ही डागडुजीच आहे, पण तिच्यामुळेच आपल्याला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

आणि मग एक दिवस ती टोपी, विशेषतः पातळ असली तर, फाटते. आतला चरबीचा लगदा रक्ताला लागतो, रक्ताला वाटतं जखम झाली, आणि जखम झाली की रक्ताला एकच काम येतं, गुठळी करणं. बोट कापल्यावर जी गुठळी जीव वाचवते तीच इथे काही मिनिटांत रस्ता बंद करते आणि २०-३० मिनिटांत पुढच्या स्नायूतल्या पेशी मरायला लागतात. म्हणून आठ महिन्यांपूर्वीचा नॉर्मल रिपोर्ट खरा, आणि मागच्या महिन्यातला अटॅकही खरा.

हे म्हातारपणी सुरू होतं असंही नाही बरं का. कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासून १९५३ साली एक पेपर आला होता, सरासरी वय २२, आणि चारातल्या तिघांच्या वाहिन्यांत हे थर कमी-जास्त दिसत होते. सगळी धडधाकट पोरं. मी शिकत असताना शवविच्छेदनाच्या टेबलावर पहिल्यांदा अशी वाहिनी कात्रीने उघडली होती, आणि कात्रीखाली चक्क करकर आवाज आला, अंड्याचं कवच कापावं तसा. थरात कॅल्शियम बसलेलं असतं त्याचा आवाज. तो माणूस गेला होता वेगळ्याच कारणाने, छातीत दुखल्याची एकसुद्धा नोंद त्याच्या कागदांत नव्हती.

तुम्ही पुढे विचारलंय की आता स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलाय, रस्ता मोकळा झालाय, तर स्टॅटिनची गोळी कशाला. स्टेंट एका जागेवर बसलाय, थर सगळीकडे आहेत. गोळी एलडीएल कमी करते आणि त्या टोप्या फाटणार नाहीत अशा घट्ट व्हायला मदत करते, त्यामुळे ती आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्न: ताप आला की अंग तर भाजत असतं, मग थंडी कशी काय वाजते?

कारण मेंदूने थर्मोस्टॅट वर नेऊन ठेवलेला असतो. जंतू आला की पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, ती मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत खबर पोचवतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि ठरतं की आता ९८.६ नको, १०२ पाहिजे. अंग अजून ९९ वर असतं, म्हणजे मेंदूच्या हिशोबाने तुम्ही गारठलेले आहात! मग तो थंडीत करतो तेच सगळं करतो, कातडीकडचं रक्त आत ओढून घेतो (म्हणून हातपाय गार), स्नायू थडथड हलवून उष्णता काढतो, आणि तुम्हाला दोन पांघरुणं घ्यायला लावतो. १०२ ला पोचलात की थंडी थांबते. पॅरासिटामॉल घेतली की प्रोस्टाग्लँडिन कमी होतं, काटा परत खाली येतो, आता अंग मेंदूच्या मते जास्त गरम, म्हणून दरदरून घाम.

यात जंतूने स्वतः केलेलं फारच थोडं आहे हे लक्षात आलं का? थंडी, घाम, अंगदुखी, भूक न लागणं, हे बरंचसं आपल्याच शरीराचं काम. अर्थात फुकट नाही, एक डिग्री सेल्सिअस ताप वाढला की शरीराचा खर्च साधारण १० टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला किंवा हृदयाचा आजार असलेल्याला तोच ताप जड जातो.

प्रश्न: उपाशीपोटी शुगर १६० आली, दोनदा केली. पण मला तहान नाही, सारखं लघवीला नाही, वजन नाही उतरलं. काहीच होत नसताना गोळी का घ्यायची?

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि दर वेळी मला वाटतं की याचं उत्तर मोठं द्यावं, तर देतेच.

तहान आणि लघवी कधी सुरू होते? रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की. तोपर्यंत किडनी गाळलेली सगळी साखर परत उचलून घेते, थेंबभर बाहेर जाऊ देत नाही. १८० च्या पुढे तिला उचलणं झेपत नाही, साखर लघवीत उतरते, उतरताना पाणी ओढून नेते, म्हणून लघवी जास्त आणि म्हणून तहान. म्हणजे तुम्ही ज्याला डायबेटिसचं लक्षण म्हणताय ते किडनीची मर्यादा ओलांडल्याचं लक्षण आहे. आणि उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर दोनदा आली की त्याला डायबेटिसच म्हणतात, १२६ ते १८० या पट्ट्यात माणूस वर्षानुवर्षं मजेत राहू शकतो.

मजेत म्हणजे त्याला वाटतं तसं. आकडा जरा जवळून बघू. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर, साखर १०० असेल तर सगळ्या रक्तात मिळून साखर किती, तर पाच ग्रॅम. एक छोटा चमचा. पूर्ण शरीरातल्या रक्तात एक चमचा साखर, आणि ती तेवढीच ठेवायला स्वादुपिंड आणि लिव्हर रात्रंदिवस राबतात. तुमचा चमचा दीडपट झालाय.

स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनने दार उघडल्याशिवाय साखर फारशी आत घेत नाहीत. पण डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक वाहिन्या, किडनीच्या गाळण्या, नसा, यांच्या दाराला तसं कुलूपच नाही. बाहेर जास्त, तर आत जास्त, नाही म्हणायची सोय नाही. आत गेलेली जास्तीची साखर प्रथिनांना चिकटते, वाहिन्यांची भिंत जाड होते, गळकी होते. तुमच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी असेल ना, तो हाच चिकटण्याचा हिशोब आहे, लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांत हिमोग्लोबिनवर किती साखर चढली ते तो सांगतो. आदल्या दिवशी गोड खाल्लं नाही म्हणून तो फसत नाही.

आणि अजून एक, जे पेशंटला सांगितलं की चेहरा उतरतो. इन्सुलिन नीट लागू पडत नाही म्हणून स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी सुरुवातीला दुप्पट काम करून साखर नॉर्मल ठेवतात, रिपोर्ट छान येत राहतो. त्या दमायला लागल्या की मग साखर चढते. म्हणजे निदान होतं तेव्हा त्यांची जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असू शकते. तुमच्या दृष्टीने आजार काल सुरू झाला, त्यांच्या दृष्टीने बराच जुना आहे. तेव्हा गोळी, वजन, चालणं, जे सांगितलंय ते आत्ताच, आणि डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) एकदा तपासून घ्याच.

प्रश्न: आईच्या पायांना सूज आहे, बोटाने दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. डॉक्टरांनी पायाचं काही न बघता हृदयाचा इको (सोनोग्राफी) सांगितला. का?

बरोबर सांगितला. हृदयाचा पंप कमजोर झाला की किडनीकडे रक्त कमी पोचतं. किडनीला काय माहीत हृदयाचं काय चाललंय, तिला वाटतं शरीरातलं पाणी कमी झालं, रक्त वाहून गेलं बहुतेक. ती रेनिन नावाचं संप्रेरक सोडते, त्याची साखळी लागते, वाहिन्या आवळतात, मीठ आणि पाणी धरून ठेवलं जातं. जखम होऊन रक्त गेलं असतं तर याच गोष्टीने जीव वाचला असता. इथे मात्र पाणी मुळात भरपूर आहे, आणि आधीच दमलेल्या पंपाला आता ते जास्तीचं पाणीही ढकलायचं. दिवसभर ते पायात उतरतं, रात्री आडवं झालं की परत रक्तात येतं, म्हणून रात्री लघवीला उठावं लागतं आणि उशा वाढवाव्या लागतात. आईंना आडवं झाल्यावर दम लागतो का ते विचारा आणि डॉक्टरांना सांगा. सुजेला इतरही कारणं असतात, किडनी, लिव्हर, पायाच्या शिरा, काही बीपीच्या गोळ्यासुद्धा, पण इको त्यात आधी.

नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्या हीच साखळी मधे तोडतात. त्यातली पहिली, कॅप्टोप्रिल, १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, आणि तिचा धागा मिळाला होता ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातून! आणि हृदयाचा वेग कमी करणारे बीटा ब्लॉकर तर हार्ट फेल्युअरमध्ये पूर्वी चक्क वर्ज्य होते, कमजोर घोड्याला लगाम कशाला असा विचार. १९९० च्या दशकातल्या मोठ्या चाचण्यांनंतर ते उलटं झालं, कळलं की घोडा मरतोय तो संप्रेरकांच्या सतत बसणाऱ्या चाबकाने.

प्रश्न: क्रिएटिनिन १.४, लॅबची रेंज १.३ पर्यंत. ०.१ ने काय होतंय?

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, किडनी तो गाळून बाहेर टाकते. तुमचे जुने रिपोर्ट काढा. चार वर्षांपूर्वी ०.७ असेल तर हे ०.१ नाही, दुप्पट आहे, आणि क्रिएटिनिन दुप्पट म्हणजे किडनीचं गाळणं ढोबळमानाने निम्म्यावर. दोन्ही किडन्यांत मिळून साधारण २० लाख गाळण्या असतात, दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटरच बाहेर टाकतात. काही गाळण्या बंद पडल्या की उरलेल्या त्यांचं काम अंगावर घेतात, म्हणून तर एक किडनी दान करून माणूस नीट जगतो. पण शुगर-बीपी चालूच असेल तर जास्तीच्या दाबाने त्या उरलेल्याही एकेक करून बसतात. भरपूर व्यायामाने कमावलेलं शरीर असेल तर मात्र १.४ नॉर्मलही असू शकतं, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. आणि काटकुळ्या म्हाताऱ्या बाईचं १.० सुद्धा काळजीचं असू शकतं. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीची तपासणी दोन्ही बघितल्याशिवाय यावर वाद घालू नका, विशेषतः लॅबवाल्याशी.

प्रश्न: भावाला टीबी निघाला. एकाच खोलीत झोपत होतो, मला काहीच नाही. मी सुटलो का?

तपासणी करून घ्या, मग ठरवू. जंतू शिरला की आजार झालाच असं टीबीत होत नाही. जगातल्या साधारण चौथाई लोकांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे, त्यातल्या ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांत पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती गाठ बांधून त्याला कोंडून ठेवतात, मारता नाही आलं तरी. एचआयव्ही, डायबेटिस, कुपोषण, स्टेरॉइड, यांनी पहारा ढिला झाला की तो बाहेर पडतो, कधीकधी खूप वर्षांनी. तुम्ही बरोबर राहत होतात, त्यामुळे आजार नसला तरी आधीच घ्यायची औषधं तुम्हाला सांगू शकतात, ती अर्धवट सोडू नका.

प्रश्न: (हा एका नववीतल्या मुलीचा) सर्दीत एकच नाकपुडी बंद असते आणि थोड्या वेळाने दुसरी. सर्दी इकडून तिकडे जाते का?

नाही गं, सर्दी जागेवरच असते. नाकाच्या आतलं अस्तर एरवीसुद्धा आलटून पालटून फुगतं, काही तास एक बाजू, मग दुसरी, फक्त रस्ता मोठा असल्यामुळे आपल्याला कळत नाही. सर्दीत दोन्हीकडे आधीच सूज असते, त्यावर ही पाळी आली की ती बाजू पार बंद. आज झोपताना कुशीवर पडून बघ, साधारण खालची नाकपुडी बंद होईल, आणि कूस बदललीस की थोड्या वेळाने वरची झालेली उघडेल. किती मिनिटं लागली ते लिहून पाठव.