गुण वाढले, पण कशामुळे?

शैक्षणिक संशोधनाच्या पद्धतींविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण संशोधनाला सुरुवात करणाऱ्या बहुतेक शिक्षकांपुढे येते.

प्रश्न : मी पाचवीच्या मुलांना गणित शिकवते. अपूर्णांकांच्या चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली २० मुले मी निवडली, सहा आठवडे त्यांना जादा तासांत कागदाच्या पट्ट्यांच्या घड्या घालून अपूर्णांक शिकवले आणि तीच चाचणी पुन्हा घेतली. २५ पैकी सरासरी ९ गुण होते, ते १४ झाले. माझी पद्धत परिणामकारक आहे, असा निष्कर्ष प्रबंधात लिहू का? (एक प्राथमिक शिक्षिका)

उत्तर : गुण वाढले, हे तुम्ही जरूर लिहा. ते तुमच्या पद्धतीमुळेच वाढले, असे मात्र एवढ्या माहितीवरून लिहिता येणार नाही. या सहा आठवड्यांत घड्यांशिवाय बरेच काही घडले आहे : वर्गात नेहमीचे शिकवणे चालू होते, मुलांना गणितासाठी जादा वेळ मिळाला, तीच चाचणी दुसऱ्यांदा सोडवताना प्रश्न ओळखीचे झाले होते आणि बाई आपल्याकडे खास लक्ष देत आहेत हेही मुलांना जाणवत होते. डोनाल्ड कँपबेल आणि ज्यूलियन स्टॅन्ली या संशोधनपद्धतींच्या अभ्यासकांनी १९६३ साली अशा पर्यायी कारणांची पद्धतशीर मांडणी केली, तेव्हा एकाच गटाची शिकवण्याआधी पूर्वचाचणी आणि शिकवल्यानंतर उत्तरचाचणी घेणारा हा आराखडा त्यांनी दुबळ्या आराखड्यांमध्येच धरला होता.

तुमच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तुम्ही सर्वांत कमी गुणांची मुले निवडली. कोणत्याही चाचणीतल्या गुणांत मुलाच्या खऱ्या तयारीबरोबर त्या दिवसाचा योगायोगही मिसळलेला असतो : कोणाचे डोके दुखत होते, कोणी एक पान उलटायचे विसरले, कोणाला नेमके न आलेलेच प्रश्न आले. तळाची मुले निवडताना अशी त्या दिवशी मागे पडलेली मुलेही त्यांत येतात आणि पुढच्या चाचणीत तोच योगायोग पुन्हा त्यांच्या वाट्याला येण्याचे कारण नसते. त्यामुळे काहीही न शिकवता या गटाची सरासरी थोडी वर सरकते. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासात हे सरासरीकडे परतणे दाखवले होते. उपचारात्मक अध्यापनावरच्या प्रबंधांमध्ये गुणवाढीतला हा वाटा पद्धतीच्या नावावर जमा होतो, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यामागचे शिक्षकांचे कष्ट खरे असतात.

यावर उपाय तुलनेचा आहे. पुढच्या वेळी अशा २० मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाका. पहिली १० मुले प्रायोगिक गटात आणि उरलेली १० नियंत्रित गटात घ्या. नियंत्रित गटालाही तेवढाच जादा वेळ द्या, पण नेहमीच्या पद्धतीने शिकवा, म्हणजे फरक पडलाच तर तो वेळेचा की पद्धतीचा असा प्रश्न उरणार नाही. सहा आठवडे संपून उत्तरचाचणी झाली की या १० मुलांनाही घड्यांच्या पद्धतीने शिकवा. कोणाला वंचित ठेवल्याची बोचणी राहणार नाही. एवढ्या लहान गटांत मोठाच फरक दिसून येतो, बारीक फरक निसटतो, हेही मनाशी धरून चला. चिठ्ठ्या टाकणे शक्य नसेल आणि दोन तुकड्या घ्याव्या लागल्या, तर त्यांची आधीची तयारी, तास आणि शिक्षक यांत काय फरक होता ते स्पष्ट नोंदवा. एका तुकडीला एक शिक्षक आणि दुसरीला दुसरा असेल, तर तुम्ही पद्धतींची तुलना केली की शिक्षकांची, हे वाचकाला कळणार नाही.

अशी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी शाळेत जमत नाही, असे अनेक जण म्हणतात. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे ७९ शाळांमध्ये ती करून दाखवली गेली. लहान मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना १३ ते १७ मुलांचे वर्ग, २२ ते २५ मुलांचे वर्ग आणि तेवढाच मोठा पण सोबत मदतनीस असलेला वर्ग अशा तीन प्रकारांत यादृच्छिक पद्धतीने वाटले गेले. वाचन आणि गणितात लहान वर्गांतली मुले पुढे राहिली, तर मदतनीस दिल्याने फारसा फरक पडला नाही. विभागणी प्रत्येक शाळेच्या आतच केलेली असल्यामुळे चांगल्या शाळांमुळे असे झाले, हा आक्षेप उरला नाही.

तुम्हाला फक्त स्वतःच्या वर्गातली अडचण सोडवायची असेल, तर तुमचे काम कृतिसंशोधन ठरते. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ साली ही संकल्पना मांडली आणि शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरी यांनी १९५३ साली ती शाळांमधल्या कामासाठी विस्ताराने मांडली. तिथे निष्कर्षाची मर्यादा तुमच्या वर्गापुरती असते. म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाही, पण मग ‘परिणामकारकता’ हा शब्द शीर्षकात नको. शिवाय सरासरीवर थांबू नका, वह्या उघडून पाहा. पूर्वचाचणीत १/३ + १/४ = २/७ असे लिहिणारी मुले कोणती होती आणि त्यांतल्या कितींनी पुढे ७/१२ लिहिले? वर वर आणि खाली खाली बेरीज करण्याची ती चूक गेली असेल, तर घड्यांनी नेमके काय साधले असावे याचा माग ९ आणि १४ या आकड्यांपेक्षा तिथे अधिक लागेल.

प्रश्न : १००० शिक्षकांच्या जनसंख्येसाठी नमुना किती घ्यावा? काही जण १० टक्के सांगतात. (एक संशोधक विद्यार्थी)

उत्तर : ठरावीक टक्केवारीला आधार नाही. नमुन्याचा आकार ठरवण्यासाठी क्रेज्सी आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७० साली दिलेल्या तक्त्यात १००० च्या जनसंख्येला २७८ आणि १०,००० ला ३७० असा नमुना दिला आहे. जनसंख्या दहापट झाली तरी नमुना दहापट होत नाही. पण हा तक्ता यादृच्छिक निवड गृहीत धरतो. ओळखीच्या गटांत प्रश्नावली पाठवून आलेली पहिली २७८ उत्तरे घेतली, तर आकडा जुळतो आणि आधार जातो. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी एका साप्ताहिकाने २० लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा केल्या होत्या आणि तरीही त्याचे भाकीत साफ चुकले, कारण पत्रिका कोणाला गेल्या आणि कोणी परत पाठवल्या, यातच कल होता.

प्रश्न : शाळा सोडलेल्या १२ मुलींच्या मी सविस्तर मुलाखती घेतल्या. आकडे नाहीत म्हणून हे संशोधन नाही, असे मला सांगण्यात आले. हे बरोबर आहे का? (एक वाचक)

उत्तर : नाही. किती मुली शाळा सोडतात हा प्रश्न असेल तर सर्वेक्षण लागते. शाळा सोडण्याचा निर्णय घरात कसा होत गेला हा प्रश्न असेल तर मुलाखतच लागते. पद्धत प्रश्नावरून ठरते. मात्र गुणात्मक संशोधनाची शिस्तही तेवढीच कडक असते : याच १२ मुली का निवडल्या, संमती कशी घेतली, ओळख कशी लपवली, मुलाखतींतल्या विधानांना संकेत (छोटी नावे) देऊन त्यांतून आशयसूत्रे (पुन्हा पुन्हा येणारे मुद्दे) कशी काढली, आणि तुमच्या मांडणीशी न जुळणाऱ्या मुलीचे तुम्ही काय केले, हे सगळे प्रबंधात आले पाहिजे. या शेवटच्या मुद्द्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देईन. अकरा जणींनी घरकामाचे कारण सांगितले आणि एकीने वर्गात सतत झालेल्या अपमानाचे सांगितले, तर त्या एकीची मुलाखत परत ऐका आणि मग उरलेल्या अकराही पुन्हा ऐका. तोच धागा तिथे दुसऱ्या शब्दांत आलेला असू शकतो.

प्रश्न : दोन पद्धतींत फरक नाही, ही माझी शून्य परिकल्पना ०.०५ स्तरावर (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी हवी, या कसोटीवर) त्यागता आली नाही. प्रबंध फसला का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : फसला नाही. तसेच दोन पद्धतींत फरक नाही हेही त्यातून सिद्ध झालेले नाही. या नमुन्यात फरक असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही, एवढेच तुम्ही लिहू शकता. दोन्ही गटांच्या सरासरी, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) आणि नमुन्याचा आकार न लपवता द्या. प्रत्येक गटात १५ मुले असतील, तर मध्यम आकाराचा खरा फरकही अशा चाचणीतून सहज निसटू शकतो, हे मर्यादांच्या प्रकरणात नोंदवा आणि निकाल आहे तसा सादर करा.