नाशिकमधल्या छोट्या सेवाभावी संस्थांसाठी देणगीचं मोबाइल ॲप करायचंय, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. छोट्या संस्थांना देणगीदार मिळत नाहीत, ते ॲपमुळे मिळतील. फ्लटर घेऊ की रिॲक्ट नेटिव्ह, आणि संस्था कशा जोडू?

फ्लटर की रिॲक्ट नेटिव्ह ते तुझं तू ठरव, ॲप बनवायची ती दोन्ही साधनं चालतील. (इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस असं प्रश्नात लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करते, माझा धाकटा तुझ्यापेक्षा मोठा आहे.) मला बोलायचंय ते "छोट्या संस्थांना देणगीदार मिळत नाहीत, ते ॲपमुळे मिळतील" या तुझ्या वाक्यावर. हेच वाक्य मी आमच्या मीटिंगमध्ये ऐकलंय, आणि तेव्हा मला पुरतं बोलू दिलं नव्हतं.

बँकेतून रिटायर झाल्यापासून मी पंचवटीतल्या एका लहानशा वृद्धाश्रमाची खजिनदार आहे. तीसएक आजी-आजोबा, स्वयंपाकाच्या मावशी, एक अर्धवेळ क्लार्क. आमचा निम्मा संसार स्मृतिभोजनावर चालतो. कुणाच्या वडिलांची तिथी, कुणाच्या आईचं श्राद्ध, त्यांच्या नावानं एक वेळचं जेवण. याची एक लांबट वही आहे. पान मराठी महिन्याचं, ओळ तिथीची, पुढे नाव, फोन, आणि कडेला बारीक अक्षरात "गोड नको", "मुगाची खिचडी आवडायची" असलं काहीबाही. नवं कॅलेंडर आलं की मी आणि क्लार्क बसून प्रत्येक तिथीसमोर त्या वर्षीची तारीख मांडतो. पेन्सिलीनं, कारण पुढच्या वर्षी खोडायची असते.

2022 साली एका विश्वस्तांच्या चिरंजीवांनी, ते हिंजवडीत असतात, हौसेनं ॲप करून दिलं. फुकट. दिसायला झकास होतं, खोटं कशाला बोलू. वही त्यात "भरून घेतली", म्हणजे त्या वर्षी जी इंग्रजी तारीख आली ती कायमची. मी म्हटलं, अहो, तिथी सरकते. उत्तर आलं, "काकू, दोन-चार दिवसांचा फरक, लोक समजून घेतात."

पुढच्याच वर्षी अधिक श्रावण आला. 2022 ची नागपंचमी 2 ऑगस्टला होती, 2023 ची गेली 21 ऑगस्टला. इंदिरानगरच्या एका गृहस्थांची आई नागपंचमीला गेलेली. 2 ऑगस्टला सकाळी सकाळी त्यांच्या फोनवर मेसेज: आज आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ भोजन दिले जात आहे. सोबत फुलांचं चित्र आणि खाली पैसे भरायचं बटण. तेही अधिक महिन्यात! फोन अर्थातच मला आला, चिरंजीवांना नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. "वहिनी, दरवर्षी तुम्ही आठवडाभर आधी विचारायचात, पुरणाची दिंडं करायची ना म्हणून. यंदा कुणी विचारलंच नाही." यावर काय बोलणार? 21 तारखेला मावशींनी दिंडं केली आणि ते सहकुटुंब पंगतीला बसले, म्हणून निभावलं.

सर्वपित्रीचं तर विचारूच नकोस. गंगेवरचं, म्हणजे गोदाघाटावरचं, आटोपलं की लोक थेट आमच्याकडे येतात. वहीत त्या दिवसाला एकच ओळ. बाकीच्यांना मी गोड बोलून अलीकडच्या दिवसांवर वळवते. ॲपनं जो येईल त्याला "बुकिंग कन्फर्म" दिलं. व्हरांड्यात तीन कुटुंबं खिरीची पातेली घेऊन उभी, आत निम्म्या माणसांना डायबेटिस.

आणि पैशांचं म्हणशील तर ऑनलाइन पैसे घेणारे गेटवेवाले पाच-सहा जणांच्या रकमा एकत्र करून, आपलं कमिशन कापून एकच आकडा खात्यात टाकतात. पासबुकात नाव नाही, पावती मात्र प्रत्येकाला पूर्ण रकमेची द्यायची. 2021-22 पासून 80जीवाल्या, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सूट मिळवून देणाऱ्या, संस्थांना वर्षाची देणगीदारांची यादी 10बीडी फॉर्ममध्ये 31 मेपर्यंत भरायला लागली, नाव, पत्ता, पॅन किंवा तसाच एखादा ओळख क्रमांक यासकट. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. ॲपमध्ये पॅनचा रकाना ऐच्छिक ठेवलेला, "नाहीतर लोक मधेच सोडून जातात" म्हणे. मग भर उन्हाळ्यात एकेकाला फोन करून पॅन कुणी मागितले? चिरंजीव तेव्हा मनालीला होते.

तेव्हा ॲप करायचंच तर खजिनदारासाठी कर. तिथी टाकली की त्या वर्षीची तारीख काढणारं, अधिक महिना कळणारं. आठवडाभर आधी "यांना फोन करा" असं आम्हाला सांगणारं. देणगीदाराला परस्पर मेसेज नको. पावती व्हॉट्सॲपवर धाडणारं, आणि मे महिन्यात सगळी यादी एक्सेलमध्ये काढून देणारं. पैशाला संस्थेच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर पुरे. तुझ्या खात्यात एक दिवसही पैसे घेऊ नकोस. धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम 41 क आडवं येतं, गणेश मंडळं वर्गणीआधी ज्याची परवानगी काढतात तेच. परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्या पुतण्याची देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय चालत नाही. पासपोर्ट भारतीय असेल तर गोष्ट वेगळी.

प्ले स्टोअरचे 25 डॉलर एकदाच, ॲपलचे 99 दरवर्षी, हे व्हाउचर मीच लिहिलंय. खरी कटकट पुढे आहे. अँड्रॉइड बदलत जातं, ॲप वेळच्या वेळी अपडेट केलं नाही तर नव्या फोनवर ते सापडेनासं होतं. चिरंजीवांनी नोकरी बदलली आणि आमचं असंच गेलं. तू पास होऊन पुण्या-बंगळुरूला गेल्यावर कोण बघणार, ते संस्थेला आधी सांग.

हे सगळं आमच्यासारख्या एका वहीवर चालणाऱ्या संस्थांबद्दल, बरं का. ज्यांना नवी माणसं हवीत त्यांचं वेगळं. सोशल नेटवर्किंग फोरमनं आपल्या नाशिकमधूनच सोशल मीडियावर माणसं जोडून आदिवासी पाड्यांवर पाणी नेलंय. आणि आम्हालाही ॲपमुळे काही तरुण जोडपी मिळाली, मुलांच्या वाढदिवसाचं जेवण देणारी. त्यांना तारीखच लागते, त्यांचं ॲपवर नीट चालायचं. एवढं श्रेय चिरंजीवांना देते, वाचत असतील तर.

संस्था कशा जोडायच्या? अध्यक्षांना भेटू नकोस, ते हो म्हणतील आणि विसरतील. हिशेब कोण लिहितं ते विचार आणि वही बघायला माग. एप्रिल-मे सोडून कधीही जा, फक्त दुपारी बारा ते दोन नको, तेव्हा पानं वाढलेली असतात.