गोवर एकदाच होतो, मग सर्दी पुन्हा पुन्हा का होते?

लहानपणी झालेला गोवर तुम्हाला पुन्हा कधी झाला नाही, सर्दी मात्र वर्षातून दोन-तीनदा होतेच. म्हणून प्रतिकारशक्ती कमी झाली की काय, असं तुम्ही विचारलंय. बहुधा नाही. मोठ्या माणसाला वर्षात इतक्या वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या ताकदीपेक्षा त्या दोन विषाणूंच्या स्वभावात जास्त आहे.

आधी शरीराच्या स्मरणशक्तीबद्दल. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. तिथे आधीची साथ १७८१ मधली, आणि मधल्या काळात गोवर नव्हताच. जेमतेम आठ हजार वस्तीतले सुमारे सहा हजार लोक आजारी पडले. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तेव्हा गावोगाव फिरून नोंदी करत होता. १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेले अनेक म्हातारे अजून हयात होते, आणि त्यांच्यापैकी एकही जण पुन्हा आजारी पडल्याचं त्याला आढळलं नाही. मधे पासष्ट वर्षं गेली होती! प्रतिपिंड (अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक जंतूला चिकटून त्याला रोखणारी रक्तातली प्रथिनं) म्हणजे काय हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

ही आठवण तयार कशी होते? जंतू आत शिरला की सर्वांत आधी भक्षक पेशी धावतात. त्या जंतूची नेमकी जात ओळखत बसत नाहीत, परका दिसला की गिळतात. ताप आणि सूज ही याच पहिल्या झटापटीची लक्षणं. दुसरी फळी बी आणि टी या पांढऱ्या पेशींची. या पेशी तयार होतानाच त्यांच्यातले जनुकांचे तुकडे नाना तऱ्हांनी जुळवले जातात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकीची ओळखण्याची खूण वेगळी असते. (हे उलगडल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं.) म्हणजे जो विषाणू तुमच्या शरीराने कधी पाहिलाच नाही, त्याला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी तुमच्याकडे आधीच असतात. मला आजही याचं नवल वाटतं. त्या मोजक्या पेशी गाठींमध्ये भराभर वाढतात, आजारपणात मानेतल्या गाठी सुजतात त्या यामुळेच. पण पहिल्या वेळी याला आठवडाभर तरी लागतो. आजार सरल्यावर त्यातल्या बहुतेक पेशी मरतात, थोड्या ‘स्मृतिपेशी’ म्हणून मागे राहतात, आणि काही अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मगजात) बसून वर्षानुवर्षं प्रतिपिंड बनवत राहतात.

आता गोवराचा विषाणू फारसा रूप बदलत नाही. शिवाय तो रक्तातून अंगभर पसरतो आणि पुरळ उठायला साधारण दोन आठवडे घेतो. रक्तातले प्रतिपिंड त्याला वाटेतच गाठतात, स्मृतिपेशींनाही सज्ज व्हायला भरपूर वेळ मिळतो. सर्दीचं उलट. सर्दीचा सर्वांत नेहमीचा विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस, नुसते त्याचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत, एकाची ओळख दुसऱ्याला फारशी लागू पडत नाही, आणि सर्दी करणारे इतर विषाणू वेगळेच. हे विषाणू नाकाच्या अस्तरातच राहतात, तिथले प्रतिपिंड लवकर ओसरतात, आणि एक ते तीन दिवसांत नाक गळायला लागतं. आठवण जागी होईपर्यंत सर्दी होऊन गेलेली असते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ‘गोवर होऊ दे, मूल कणखर होईल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच मारतो. लस न घेतलेल्या मुलांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्या मुलांच्या, इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीसे झालेले आढळले. लस हे नुकसान न करता तीच आठवण देते.

प्रतिकारशक्ती ‘वाढवणाऱ्या’ गोळ्यांवर पैसे घालवू नका. सर्दीतला बराचसा त्रास मुळात शरीराच्या प्रतिकाराचाच असतो. खरी शंका कधी घ्यावी? वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, खोलवर पू होणारी गळवं पुन्हा पुन्हा आली, तोंडातला बुरशीचा संसर्ग हटेना, किंवा साध्या संसर्गासाठीही शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागली, तर डॉक्टरांना भेटून प्रतिपिंडांची आणि पांढऱ्या पेशींची तपासणी करायची का, हे विचारा.