समुद्राचं पाणी वापरून घरी छोटी रीफ टाकी करता येईल का?

मालवणात राहता, दोन फुटी काचेची टाकी रिकामी पडली आहे, समुद्र पाच मिनिटांवर. मग पाणी, वाळू आणि ओहोटीला उघडे पडणारे प्रवाळ तिथूनच आणले तर खर्च वाचेल का, आणि पंप कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. रीफ टाकी म्हणजे प्रवाळ आणि मासे एकत्र ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी.

प्रवाळाचा विषय आधी संपवते. आणायचे नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. लाटेने वर टाकलेला मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्यातले गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. तुम्ही नारळाएवढा गोळा फोडून आणाल, तो तुमच्या टाकीत महिन्याभरात पांढरा पडेल.

वाळूही नको. आपल्याकडच्या पुळणीत काळी चमकणारी लोहयुक्त वाळू मिसळलेली असते. काच पुसायच्या चुंबकाला तिचे कण चिकटतात आणि काचेवर ओरखडे उठतात. माझ्या पहिल्या टाकीच्या समोरच्या काचेवर ते अजून आहेत. जांभ्याचा दगडही टाकू नका, त्यातलं लोह पाण्यात उतरत राहतं आणि शेवाळ माजतं.

राहिलं पाणी. तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसले ती पाण्यासाठीच.

माझं माहेर देवगड बंदरावर, वडील मासेमारी करणारे. सासर वरच्या वाडीत, बागायतदारांचं. धाकटे दीर पुण्याला असतात. त्यांच्याकडे चार फुटी रीफ टाकी आहे: पाणी थंड ठेवणारा चिलर, घाण फेसावाटे काढणारा स्किमर, समुद्राचं पाणी बनवायचं पाकिटातलं मीठ, सगळं. मला हा नाद लागला तो त्यांच्याकडची टाकी बघून, हे मान्य करते. 2018 च्या डिसेंबरात मी दीडशे लिटरची टाकी लावायला घेतली तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट सांगितली, "वहिनी, समुद्राचं पाणी अजिबात नको. बंदरातली घाण असते ती." मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "बंदरातला पाणी कोण घेता? भांगाक जावया, निवळ पाणी गावतला."

अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असते, तेव्हा पाणी फार ढवळत नाही. उधाणाच्या दिवसांत तळाचा गाळ वर येतो. बाबा खाडीच्या तोंडापासून लांब, बारा वाव, म्हणजे सत्तरएक फूट खोल पाण्यात गेले. कॅन नवे, कधी डिझेल न लागलेले. इंजिन बंद करून होडी थोडी वाहू दिली आणि नाळीकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, कॅन हातभर खोल बुडवून भरले, कारण तेलाचा तवंग वरच्या थरावर असतो. वीस-वीस लिटरचे कॅन, झाकणं घट्ट, वर ओलं गोणपाट. बाजारातून आणलेला बर्फ माणूस जसा जपून आणतो तसे त्यांनी ते घरी आणले. मी ते जाड फडक्यातून गाळले आणि पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवले, म्हणजे त्यातले सूक्ष्म जीव मरून तळाशी बसतात आणि वरचं नितळ पाणी काढून घेता येतं. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, क्षारता 35 भरली, हजार भागांत 35 भाग मीठ. अमोनिया, म्हणजे माशांना मारणारं विष, शून्य.

त्या पाण्यावर टाकी अडीच वर्षं चालली. दोन क्लाउनफिश, एक लेदर कोरल (मऊ प्रवाळ), आणि मशरूम कोरल पसरून अख्ख्या दगडावर गेले होते.

मग 16 मे 2021 ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. वीज गेली ती आमच्या वाडीत सहाव्या दिवशी आली. झाडाखाली हापूसचा सडा, घरावरचे पत्रे गेलेले, अशा वेळी मी माशांबद्दल तोंड कसं उघडणार? पण रात्री तांब्या घेऊन टाकीपाशी बसले. पाणी उचलायचं, वरून ओतायचं. थोडा वेळ मी, थोडा वेळ मुलगा. दुसऱ्या दिवशी बाबा चालत आले आणि ते काही न बोलता रात्रभर ओतत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला वास आला. पंप बंद पडला की पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही, मे महिन्याच्या गरम पाण्यात आधीच प्राणवायू कमी मावतो, रात्री दगडातले, एरवी पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू उरलासुरलाही संपवतात आणि मग तेच मरू लागतात. अमोनिया चढतो. एकदा ते सुरू झालं की तांब्याने आवरत नाही. दोन्ही मासे गेले, कोरल विरघळल्यासारखे झाले.

फोन लागायला लागले तेव्हा दिरांचा फोन आला. स्पीकरवर होता, ओटीवर सगळे बसलेले. मी टाकीचं सांगितलं. ते म्हणाले, "सांगत होतो ना, बंदराचं पाणी. आज ना उद्या होणारच होतं." बाबा तिथेच होते. ते उठले, मागीलदारी गेले, रिकामे कॅन विहिरीच्या पाण्याने धुतले आणि वईला उपडे लावून ठेवले. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. ते आज लिहिते आहे.

फेब्रुवारीतल्या फेरीचे चार कॅन माळ्याखाली बंद होते. टाकीत गेलं होतं तेच पाणी. जूनमध्ये मी ते तपासलं: क्षारता 35, अमोनिया शून्य. तुमच्याएवढीच दोन फुटी टाकी घेतली, सत्तर लिटरची, आणि तेच पाणी तिच्यात भरलं. जुना दगड घासून, धुऊन, वाळवून पुन्हा लावला, त्यात जिवाणू पुन्हा बसावेत म्हणून सहा आठवडे नुसता ठेवला, ऑगस्टमध्ये क्लाउनफिशची जोडी सोडली. ती जोडी आजही आहे. पाण्याने मारलं असतं तर हिलाही मारलं असतं. भावोजी हे वाचत असतील तर त्यांनीही वाचावं.

आता त्यांच्या बाजूचंही सांगायला हवं. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा, असं त्यांनी मला 2019 मध्येच सांगितलं होतं. मी घेतला नाही. ती चूक माझी, पाण्याची नव्हे आणि बाबांचीही नव्हे. पाकिटातल्या मिठालाही मी नावं ठेवत नाही. ज्याच्या घरात होडी नाही त्याने तेच वापरावं, धक्क्यावरून बादली भरण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. फक्त मिठागरातलं खडेमीठ विरघळवून समुद्र होईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियम आधी खाली बसतं, मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं, आणि आपल्या हाती नुसतं मीठ येतं.

पावसाळ्यात समुद्राचं पाणी घ्यायचंच नाही. जुलैत मी एकदा बंदरावरचं मोजलं, 35 च्या जागी 19 भरलं, आणि रंग चहाचा. तसंही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर काढलेल्या. सत्तर लिटरच्या टाकीत आठवड्याला सात लिटर बदलायचं धरलं तर जूनपासून सप्टेंबरअखेर सतराएक आठवड्यांचे 120 लिटर होतात. वीसचे सहा कॅन लागतील, मोजूनमापून. मी सात भरते, मेच्या पहिल्या भांगाला, आणि अंधारात ठेवते.

टाकीतलं पाणी आटतं तेव्हा मीठ आटत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वरची भर गोड्या पाण्याची, पण विहिरीच्या नको. आरओचं घाला. एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीच्या वर जातं. पुण्याचे लोक पंखा लावा म्हणतात, पण आपल्या दमट हवेत पंख्याने जेमतेम डिग्रीभर उतरतं. मी टाकी उत्तरेच्या खोलीत ठेवली आहे आणि दुपारी दिवे बंद ठेवते, सकाळ-संध्याकाळ लावते. हे माझ्या एका घराचं झालं, तुमच्याकडे वेगळं पडेल.

मासे दोनच, पैदास केंद्रातले क्लाउनफिश. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं बीज तयार करण्याचं तंत्र बसवलेलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेले मागायची गरज नाही. मुलं निळा मासा, म्हणजे ब्लू टँग, मागतील. सत्तर लिटरमध्ये तो ठेवणं हा छळ आहे, नाही म्हणा. कोरल हवे तर मशरूम आणि लेदर, पावती घेऊन.

पंप ताशी हजार लिटरच्या आसपासचा कुठलाही चालेल, कंपनीवरून मी भांडणार नाही. बॅटरीचा हवेचा पंप मात्र टाकीत पाणी भरायच्या आधी घरात असू द्या.

पाण्यासाठी तुमच्या बंदरावर एखादा जाणता होडीवाला गाठा. "निवळ पाणी कधी गावतला?" एवढंच विचारा, तो दिवस सांगेल. कॅन तुमचे, नवे, धुतलेले द्या. तो पैसे घ्यायला नको म्हणेल, तरी डिझेलचे द्या आणि परत आल्यावर कॅन त्याच्या हातून स्वतः उतरवून घ्या.